आराखडा लंडनचा, दगड कुर्ल्याचा : मुंबई विद्यापीठाच्या इमारतींचं प्रकरण

इंग्लिश वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट २७ मार्च १८७८ रोजी लंडनमध्ये वारले आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांचं दफन झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईत राजाबाई टॉवरचं काम पुरं झालं. ज्या मनोऱ्याचे शिल्पकार म्हणून आजही त्यांचं नाव घेतलं जातं, तो उभा राहिलेला त्यांनी पाहिला नाही. १ मार्च १८६९ रोजी पायाभरणी झाली तेव्हाही ते इथे नव्हते. स्कॉट भारतात कधी आलेच नाहीत.

एकोणिसाव्या शतकातल्या वास्तुविशारदाची कारकीर्द विद्यार्थ्यांना समजावून सांगायची असली की मी हेच प्रकरण घेतो. समुद्रापलीकडे धाडलेला आराखडा सोबत काय काय नेऊ शकतो? जे नेता येत नाही ते कोण भरून काढतं, आणि त्या माणसाच्या नावावर ते जमा होतं का? माझं मत आधीच सांगून टाकतो. विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय आणि मनोरा यांचं श्रेय एकट्या स्कॉट यांना देणं म्हणजे इमारत अर्धीच वाचणं आहे. आणि स्कॉट यांचं श्रेय नाकारणं ही दुसऱ्या टोकाची तितकीच मोठी चूक आहे.

पैसा आधी आला

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालं, पण सुरुवातीला ते केवळ परीक्षा घेणारं होतं. शिकवणं कॉलेजांत चाले, पदवीदान टाउन हॉलमध्ये होई. विद्यापीठाला स्वतःचं छप्पर नव्हतं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पुरातून १८६३ मध्ये कावसजी जहांगीर रेडिमनी यांनी सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ च्या ऑगस्टात ग्रंथालयासाठी दोन लाख दिले आणि ऑक्टोबरात आणखी दोन लाख. हे दुसरे दोन लाख आई राजाबाईंच्या नावाने मनोरा बांधण्यासाठी होते, आणि त्यात मोठं घड्याळ व घंटा असाव्यात अशी त्यांची इच्छा होती.

पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि त्यांच्यासोबत मुंबईचा शेअरबाजारही. शेकडो घरं धुळीला मिळाली. खुद्द प्रेमचंद बुडाले. विद्यापीठाला दिलेली रक्कम मात्र सुरक्षित राहिली. त्या काळात मुंबईत कागदावर आखलेल्या आणि कागदावरच विरलेल्या योजनांना तोटा नव्हता. ही योजना टिकली, कारण तिचा पैसा सट्ट्याबाहेर पडलेला होता.

जागाही नेमकी तेव्हाच मोकळी होत होती. गव्हर्नर बार्टल फ्रिअर विद्यापीठाचे कुलपती होते आणि कोटाची तटबंदी त्यांच्याच कारकिर्दीत पाडली जात होती. मैदानाच्या कडेने सरकारी इमारतींची एक रांग उभी करायचं ठरलं. सचिवालयाचा आराखडा कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा, उच्च न्यायालयाचा जेम्स फुलर यांचा. दोघंही लष्करी अभियंते, दोघंही इथेच राहून काम करणारे. त्या दोघांच्या मधल्या जागेसाठी मात्र आराखडे लंडनहून आले, आणि तेही त्या वेळच्या इंग्लंडमधल्या सर्वांत व्यस्त कचेरीतून.

स्प्रिंग गार्डन्समधली कचेरी

स्कॉट १३ जुलै १८११ रोजी बकिंगहॅमशरमधल्या गॉकॉट गावी एका पाद्र्याच्या घरी जन्मले. १८२७ मध्ये त्यांना लंडनच्या जेम्स एडमेस्टन यांच्याकडे उमेदवारीला ठेवलं. पोरगं जुनी चर्चं चितारण्यात वेळ घालवतं, अशी तक्रार एडमेस्टन यांनी त्यांच्या वडिलांकडे केली होती. १८३४ मध्ये गरिबांविषयीचा नवा कायदा आला आणि इंग्लंडभर निराधारांकडून काम करून घेऊन त्यांना आसरा देणारी कामगारगृहं बांधायची लाट उठली. तरुण स्कॉट यांनी विल्यम मॉफॅट यांच्याशी भागीदारी करून अशी चाळीसहून अधिक कामगारगृहं उभी केली. ही कामं रसिकांना दाखवण्यासारखी नव्हती. पण स्कॉट यांची घडण तिथेच झाली असं मला ठामपणे वाटतं. एकाच वेळी दहा गावांत दहा कामं चालवायची, प्रत्येक ठिकाणी स्थानिक ठेकेदार वेगळा, आणि आपण स्वतः महिन्यातून एखाद वेळेस पोचणार. दूरवरून इमारत बांधण्याची ही तालीम पुढे हॅम्बुर्ग आणि मुंबईपर्यंत कामी आली.

हॅम्बुर्गचं सेंट निकोलस चर्च त्यांनी स्पर्धेत जिंकलं. १८७४ मध्ये त्याचा कळस पुरा झाला तेव्हा ती जगातली सर्वांत उंच इमारत होती. १८५८ च्या सुमारास ट्राफल्गर चौकाजवळच्या स्प्रिंग गार्डन्समधल्या त्यांच्या कचेरीत सत्तावीस माणसं काम करत होती. त्या काळी बहुतेक वास्तुविशारद दोन-चार उमेदवारांवर भागवत. स्ट्रीट, बॉडली, जॅक्सन ही पुढची मोठी नावं याच कचेरीतून गेलेली. स्कॉट प्रवासात रेखाटनं करत, ती कचेरीत येत, सहायक त्यांची मोजमापांसह चित्रं बनवत, स्कॉट त्यावर फिरून हात मारत आणि पुढच्या गाडीला निघून जात. आयुष्यभरात आठशेहून अधिक इमारतींना त्यांचा हात लागला, त्यात नव्या बांधलेल्या आणि दुरुस्त केलेल्या दोन्ही आल्या. दुरुस्तीच्या नावाखाली ते जुनेपणच पुसून टाकतात, ही टीका त्यांना जन्मभर पुरली. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तिचं तात्कालिक निमित्त ट्यूक्सबरीच्या मठातलं स्कॉट यांचंच नियोजित काम होतं.

मुंबईच्या कामाआधी त्यांच्यावर एक मोठा प्रसंग गुदरला होता. व्हाइटहॉलमध्ये परराष्ट्र खात्याची इमारत बांधण्याचं काम त्यांना मिळालं आणि त्यांनी ती गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन युरोपीय शैलीत आखली. पंतप्रधान पामरस्टन यांना गॉथिक नको होतं. वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी काम हातचं जाऊ नये म्हणून स्कॉट यांनी इटालियन धाटणीचा आराखडा केला. त्याच संकुलात इंडिया ऑफिसही होतं. ज्या कचेरीतून हिंदुस्थानचा कारभार चालायचा तिचं बाह्यरूप स्कॉट यांना मनाविरुद्धच्या शैलीत करावं लागलं, आणि मनातली शैली हिंदुस्थानात मात्र कुणी अडवली नाही. मुंबईच्या दोन्ही इमारतींत जो मोकळेपणा दिसतो तो या पार्श्वभूमीवर पाहिला की जास्त कळतो. त्याच काळात लंडनचं सेंट पँक्रास हॉटेल आणि ग्लासगो विद्यापीठ त्यांच्या टेबलावर होतं.

दोन कागद, दोन नशिबं

मुंबईला लंडनहून आलेला आराखडा हा एकच नव्हता. विल्यम बर्जेस यांनी १८६६ च्या सुमारास सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टसाठी एक आराखडा केला होता. जाणकार आजही त्याची वाखाणणी करतात. पण तो बांधला गेला नाही, कारण खर्च परवडण्यापलीकडचा होता. शाळेची इमारत पुढे दुसऱ्याच, साध्या आराखड्यावर उभी राहिली. बर्जेस यांची चित्रं घेऊन त्यांचा तरुण शिष्य विल्यम एमर्सन मुंबईला आला होता. गुरूचं काम फसलं, पण शिष्य इथेच राहिला, क्रॉफर्ड मार्केट बांधलं, अलाहाबादेत कामं केली, परत जाऊन ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला आणि उतारवयात कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलचा आराखडा केला.

दोन्ही आराखडे नामवंत माणसांचे, दोन्ही दुरून आलेले. मग एक उभा राहिला आणि एक कागदावर राहिला, असं का? पहिलं कारण वर आलंच, विद्यापीठाकडे याच कामासाठी म्हणून दिलेला पैसा होता. दुसरं कारण आराखड्यातच आहे. बर्जेस यांचं काम प्रत्येक बारकाव्यात बर्जेस यांच्याच हाताची मागणी करणारं. स्कॉट यांच्या कचेरीला तीसेक वर्षांची सवय होती, की आपण तिथे नसणार हे गृहीत धरूनच चित्र काढायचं. न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सचं कॅथीड्रल आणि न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचं कॅथीड्रल याच रीतीने झालं. क्राइस्टचर्चची गोष्ट तर मुंबईशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. तिथे भूकंप होतात हे लक्षात घेऊन स्कॉट यांनी आतला सांगाडा लाकडाचा सुचवला होता. बिशपना दगड हवा होता, आणि दगडच झाला. १८८८ च्या भूकंपात कळसाचा वरचा भाग खाली आला. चूक नेहमी दुरून चित्र काढणाऱ्याचीच असते असं नाही. जागेवरच्या माणसाने काय निवडलं यावरही इमारतीचं भवितव्य ठरतं.

कागदावर काय आलं

दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये पुरं झालं. १०४ फूट लांब, ४४ फूट रुंद, ६३ फूट उंच, एका टोकाला अर्धवर्तुळाकार भाग. पंधराव्या शतकातल्या फ्रेंच गॉथिकचा नमुना. समोरच्या भिंतीत २० फूट व्यासाची गोल खिडकी आहे आणि तिच्या बाहेरच्या कड्यात बारा राशींची रंगीत काच. आतून पाहिलं तर हे फ्रान्समधलं एखादं चर्चच. तीन बाजूंनी फिरलेली गॅलरी तेवढी वेगळी, कारण इथे प्रार्थनेला नव्हे तर पदवीदानाला माणसं बसवायची होती.

ग्रंथालयाकडे वळलं की चित्र बदलतं. ही इमारत लांबट आणि अरुंद आहे. तिच्या अंगाला दगडी कमानींच्या उघड्या गॅलऱ्या आहेत आणि कोपऱ्यांवर उघडे चक्री जिने. त्या वेळी पश्चिमेला मैदान, मग रेल्वेचा रूळ आणि लगेच समुद्र. बॅकबेच्या समुद्रात भर घालून जमीन होण्याआधी वारा थेट ग्रंथालयावर यायचा. अरुंद दालन, दोन्हीकडे खिडक्या, खिडकीपुढे सावलीची गॅलरी: मुंबईत राहणाऱ्या कुणालाही यातलं शहाणपण लगेच उमगेल. इंग्लंडमध्ये असा चक्री जिना बंद बुरुजात असतो. इथे त्याच्याभोवतीची भिंत काढून टाकली आहे आणि उरल्यात फक्त बारीक खांब आणि कमानी.

जूनच्या पहिल्या जोरदार सरीत मी या जिन्याजवळ उभा राहिलोय. पायऱ्यांवर पाणी येतं, पण साचत नाही. वळणाची आतली बाजू बऱ्यापैकी कोरडी राहते, बाहेरची चिंब होते, आणि कमानीच्या माथ्यावरची पुढे काढलेली दगडी किनार धार तोडून पाणी बाहेर टाकते. ही किनार मूळ इंग्लंडच्या भुरभुर पावसासाठीची. लंडनला वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईला २,००० हून जास्त आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. तरी ती किनार इथे काम देते, कारण ती इथल्या दगडात, इथल्या पाथरवटांच्या हातून कापली गेली आहे.

कागदावर जे नव्हतं

आता दुसरी बाजू. १८६९ मध्ये लंडनहून निघालेलं टपाल मुंबईला पोचायला महिनाभर लागे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सुएझ कालवा सुरू झाला, पुढच्या वर्षी समुद्राखालची तार आली. पण तारेने वाक्य पाठवता येतं, कमानीचं चित्र पाठवता येत नाही. पाया खणताना पाणी लागलं, ठरवलेल्या जाडीचा दगड खाणीतून निघाला नाही, गवंड्याने सांधा वेगळा बसवला, तर उत्तरासाठी दोन महिने परांची बांधून कुणी थांबत नाही. निर्णय जागेवरच घ्यावा लागतो.

पहिला निर्णय दगडाचा. भिंतींना कुर्ल्याचा दगड वापरला, कोरीव कामाला पोरबंदरचा. कुर्ल्याचा दगड कठीण, छिन्नीला दाद न देणारा, पण पावसाला पुरून उरणारा. पोरबंदरचा मऊ, पांढुरका, हवी ती नक्षी घेणारा, आणि म्हणूनच हवेतल्या खाऱ्या ओलीने आधी झिजणारा. कुठे कुठला लावायचा, नक्षीची खोली किती ठेवायची, हे खाण आणि पाथरवट दोन्ही ओळखणाऱ्यालाच ठरवता येतं. कडा कापण्याचे पूर्ण आकाराचे साचे बनवायचे, ते प्रत्येक घडीव दगडाला लावून तपासायचे, ओळंबा आणि गुण्या धरून २८० फूट उंच मनोरा सरळ वर न्यायचा. मुंबईत तोवर एवढं उंच कुणी काही बांधलं नव्हतं.

या सगळ्याच्या केंद्रस्थानी एक नाव आहे: रावबहादूर मुकुंद रामचंद्र, सार्वजनिक बांधकाम खात्याचे सहायक अभियंता. मनोऱ्याच्या अंगावर वेगवेगळ्या उंचीवर कोनाड्यांत पश्चिम हिंदुस्थानातल्या जातिजमातींच्या चोवीस मूर्ती आहेत, पोरबंदरच्या दगडातल्या. त्यांचे नमुने मुकुंद रामचंद्र यांनी घडवले.

याच मूर्ती मला या इमारतीचा सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतात. युरोपातल्या गॉथिक मनोऱ्यावर या जागी संत असतात, राजे असतात. इथे पारशी आहे, मराठा आहे, काठेवाडी आहे, गुजराती बनिया आहे. खालून नीट पाहायचं तर सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना जावं, आणि शक्य असेल तर दुर्बीण न्यावी. पागोटी एकसारखी नाहीत. अंगरख्याच्या चुण्या वेगळ्या पडतात. रोज रस्त्यात ही माणसं पाहणाऱ्याच्या नजरेतून ती उतरली आहेत, स्प्रिंग गार्डन्समधल्या ड्राफ्ट्समनच्या नव्हे.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे म्हणायला हवी. माणसांना जातींच्या नमुन्यांत बसवून मांडण्याची ही सरकारी हौस त्या काळात जोरात होती. जातिजमातींचे फोटो काढून त्यांचे खंड छापले जात होते. या चोवीस मूर्ती त्याच विचाराच्या आहेत. त्या व्यक्ती नव्हेत, नमुने आहेत, आणि कोण नमुन्यात आला व कोण वगळला गेला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तरीही हाताचं कसब आणि नजरेचा आपलेपणा त्या चौकटीतूनही वर येतो. या दोन्ही गोष्टी एकाच दगडात आहेत, आणि एकीमुळे दुसरी रद्द होत नाही.

दोन कारकिर्दींचा ताळा

स्कॉट यांना १८५९ मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेचं सुवर्णपदक मिळालं, १८७२ मध्ये सर हा किताब, १८७३ ते १८७६ संस्थेचं अध्यक्षपद. त्यांनी आत्मचरित्र लिहिलं आणि मृत्यूनंतर मुलाने ते छापलं. त्यांचे मुलगे वास्तुविशारद झाले, आणि नातू जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी लिव्हरपूलचं कॅथीड्रल आणि लंडनच्या रस्त्यांवरची लाल टेलिफोनची खोकी रेखली. ही कारकीर्द नीट नोंदलेली आहे, कारण तिच्यामागे व्यवसाय होता, संस्था होती, छापखाना होता.

मुंबईत त्याच काळी देशी माणसाला वास्तुविशारद म्हणून उभं राहायला जागाच नव्हती. पुण्यात १८५४ मध्ये अभियांत्रिकीचा वर्ग निघाला होता, तोही बांधकाम खात्याला हाताखालची माणसं पुरवण्यासाठी. वरच्या जागांसाठी अभियंते तयार करायला १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉलेज काढलं ते इंग्लंडमध्ये, कूपर्स हिलला. देशी अभियंता जास्तीत जास्त सहायक अभियंता व्हायचा, क्वचित मंचरजी कावसजी मर्झबान यांच्यासारखा एखादा कार्यकारी अभियंतापदापर्यंत जायचा. रचनेचे निर्णय तो रोज घेत होता, पण त्या निर्णयांना रचना म्हणायची पद्धत नव्हती. ते देखरेख या सदरात मोडत. श्रेयाऐवजी किताब मिळे: रावबहादूर, खानबहादूर.

अन्यायाची कहाणी म्हणून हे सांगून थांबलं तर प्रकरण पुरतं समजत नाही. स्कॉट यांच्या कचेरीतल्या सत्तावीस जणांचंही हेच होतं. त्यांनी काढलेल्या रेषा स्कॉट यांच्या नावाने निघत. फरक इतकाच, की त्यांच्यातला जॅक्सन किंवा बॉडली उद्या बाहेर पडून स्वतःची पाटी लावू शकत होता. मुकुंद रामचंद्र यांना ती वाट नव्हती.

२०१३ ते २०१५ या काळात मनोरा आणि ग्रंथालयाची दुरुस्ती झाली, रंगीत काचा उतरवून स्वच्छ करून पुन्हा बसवल्या. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेव्हापासून माहितीचे फलक, पुस्तिका, वारसाफेऱ्या वाढल्या आहेत आणि ही चांगली गोष्ट आहे. माझी मागणी एवढीच, की या इमारतींची ओळख देताना रेडिमनी आणि प्रेमचंद यांच्याबरोबर स्कॉट आणि मुकुंद रामचंद्र ही दोन्ही नावं एकाच ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरांत यावीत.

वर्गात मी विद्यार्थ्यांना सभागृह, ग्रंथालय आणि मनोरा यांचा छेद, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसेल ते चित्र, काढायला सांगतो आणि दोन रंग देतो: एक लंडनमध्ये ठरलेल्या गोष्टींसाठी, दुसरा मुंबईत ठरलेल्या. राशींची खिडकी, कमानींचं प्रमाण, मनोऱ्याची चौकोनातून अष्टकोनाकडे होणारी चढण यांना पहिला रंग. दगड, मूर्ती, सांधे यांना दुसरा. चक्री जिन्यापाशी आलं की वाद सुरू होतो. आकार लंडनचा, पण पायरीचा उतार, धार तोडणारी किनार, पोरबंदरचा दगड कुठे थांबवायचा आणि कुर्ल्याचा कुठे सुरू करायचा, हे सगळं इथलं. तिथे बहुतेक जण दोन्ही रंग एकमेकांवर चढवतात, आणि मी ते बरोबर धरतो.